बसून काम, त्यात कसला त्रास?

‘काका, नमस्कार. वय २७. तळोज्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अडीच वर्षं रीच ट्रक (उंच रॅकवर माल चढवायची-उतरवायची गाडी) चालवतोय, ठेकेदाराकडून. मटार, फ्रेंच फ्राय, मासळी, आइसक्रीम असा माल असतो. चेंबर उणे २०. तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना मिळून जॅकेट एकच. आधीचा माणूस घामाने ओलं करून काढतो, तेच मी चढवतो. चार महिने झाले, उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात. मान आखडते. खोकला तीन आठवडे हटत नाही. सुपरवायझर कधी कधी पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीवर, पोरगं उभं करून वरच्या रॅकला उचलायला लावतो. दोनदा उचललं, पण रात्री झोप आली नाही. पगार १९,५००. स्लिपवर ईएसआयचे (कामगार विम्याचे) १४७ रुपये कापलेले दिसतात, कार्ड मात्र नाही. ओटी (ओव्हरटाइम) सिंगल दरानेच देतात. विचारलं तर म्हणतात, हे गोदाम आहे, फॅक्टरी नाही. तिन्ही शिफ्टला मिळून साठेक माणसं आहोत. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, तीस वर्षं गोण्या वाहिल्या. घरी काही बोललो की म्हणतात, बसून तर काम आहे, त्यात कसला त्रास? ते असं म्हणाले की मलाच लाज वाटते. एक एजंट दुबईला कोल्ड स्टोरेजमध्येच लावतो म्हणतोय, सव्वा लाख मागतोय. जाऊ का? नाव छापू नका.’
– एक ऑपरेटर, कोपरखैरणे

तुझ्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण खरा सल तुला वडिलांच्या त्या एका वाक्याचा आहे. म्हणून आधी तेच घेतो. मी स्वतः सोळा वर्षं शीतगृहांत काढली आहेत, त्यातली नऊ शिफ्ट इनचार्ज म्हणून. तेव्हा हे ऐकीव सांगत नाहीये.

वडील खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा हिशेब वेगळ्या कामाचा आहे. पन्नास-साठ किलोची गोणी पाठीवर घेऊन गाडीपासून गाळ्यापर्यंत जाणाऱ्या माणसाचं अंग कामाने तापतं. थंडीतल्या पहाटेही मार्केटमधले हमाल बनियनवर असतात, ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. तुझं उलटं आहे. तू सीटवर बसतोस, पाय पेडलवर, एक हात स्टिअरिंगला, दुसरा लिव्हरवर. हलतात ती बोटं आणि मान. अंगात उष्णता तयार व्हायला काही कामच नाही, आणि आजूबाजूला उणे २०. वरून गार हवा सोडणारे एव्हापोरेटरचे पंखे, आणि गाडी पळते तेव्हा तिचा स्वतःचा वारा. तुझ्याच चेंबरमध्ये हाताने पेट्या लावणारा पोरगा वीस मिनिटांत जॅकेटची चेन खाली ओढतो, आणि त्याच वेळी तुझे दात वाजत असतात. दोघं एकाच खोलीत आणि तापमानही तेच, पण तो हलतोय आणि तू बसला आहेस. वडिलांचं अंग कामाने तापायचं, तुझं कामाने गार पडतं. लाज वाटून घ्यायची तर मालक-ठेकेदाराने घ्यावी, तू का?

हे त्यांना असंच सांग. वाद घालू नकोस. माथाडी माणसाला अंगाची भाषा लगेच कळते.

आता सगळ्यात तातडीचं. पॅलेटवर माणूस उचलणं आजपासून बंद. यात मधला मार्ग नाही.

पॅलेट फोर्कला, म्हणजे गाडीच्या पुढच्या दोन लोखंडी दांड्यांना, कशानेही बांधलेलं नसतं, नुसतं ठेवलेलं असतं. फोर्कवर बर्फाचा पापुद्रा असेल तर ते सरकतं, आणि तुझ्याकडे पापुद्रा असतोच. सात मीटरवर मास्ट (फोर्क वर नेणारा खांब) गेला की खाली तू लिव्हरला नुसता हात लावलास तरी वर हातभर झोल जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भरलेल्या पॅलेटला तो झोल चालतो, उभ्या पोराला नाही. त्याला धरायला काय आहे? रॅकचा बीम. तो त्याने धरला आणि तू फोर्क खाली घेतलास की काय होईल, ते चित्र तुला आत्ताच दिसलं असेल. झोप येत नाही ती त्यामुळेच. वरून सुटा माल काढायचा असेल तर कठडा आणि जाळी असलेला, फोर्कला लॉक होणारा पिंजरा लागतो. किंवा खरं म्हणजे त्यासाठी बनवलेलं वेगळं यंत्र, ज्यात चालवणारा स्वतःच मालाबरोबर वर जातो. दोन्ही नसेल तर सोपा उपाय आहे: पूर्ण पॅलेट खाली उतरव, पाहिजे तेवढ्या पेट्या काढा, पॅलेट परत वर ठेव. सहा-सात मिनिटं जास्त जातील. सुपरवायझरला तेवढी नको असतात, एवढीच ती गोष्ट आहे.

त्याला काय म्हणायचं ते लिहून देतो, कारण ऐन वेळी तोंडातून निघत नाही: ‘साहेब, पॅलेट खाली घेतो, माल काढून परत ठेवतो. माणूस वर नाही नेणार.’ बस, एवढंच. आवाज चढवायचा नाही, कारण द्यायचं नाही. त्याने ‘मी सांगतोय ना, जबाबदारी माझी’ म्हटलं, तर म्हणायचं, ‘मग व्हॉट्सअ‍ॅपवर टाका तसं.’ तो टाकणार नाही. उद्या पोरगं पडलं तर पोलीस पहिला प्रश्न विचारतील तो लिव्हरवर कोणाचा हात होता हा. हयगयीने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तोंडी हुकमाचा पुरावा कोर्टात कुठून आणणार?

यात माझीही एक गोष्ट आहे, आणि तिची मला लाज वाटते. मे महिना, रात्रपाळी, डॉकला, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला, अकरा गाड्या लागलेल्या. एक ऑपरेटर बाहेर येऊन म्हणाला, साहेब, बोटं वळत नाहीत, दहा मिनिटं द्या. मी म्हटलं, दोन गाड्या काढ, मग चहाला जा. तो आत गेला. चौथ्या पॅलेटला त्याने फोर्क चार बोटं जास्त फिरवले आणि रॅकचा पाय वाकवला. वरची तीन पॅलेटं तिरकी लटकली. खाली कोणी नव्हतं, हे नशीब. हातमोज्यातून लिव्हर जाणवत नाही म्हणून त्याने मोजा काढला होता, आणि उघड्या बोटांना तर आणखीच काही जाणवत नव्हतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. दहा मिनिटं मागणारा तो, नाकारणारा मी, आणि कागदावर नाव त्याचं. तेव्हा तुझा सुपरवायझर राक्षस आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्याही मागे कोणीतरी फोन घेऊन बसलेला असतो. पण कागदावर तुझं नाव येणार, हे लक्षात ठेव. आणि कधी रॅकला धक्का लागला, नुसता पोचा आला, तरी लपवू नकोस. पोचा आलेला पाय आज उभा राहतो आणि महिन्याने भरल्या रॅकसकट खाली बसतो.

आता तुझं अंग.

खोकला तीन आठवडे आहे म्हणतोस. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हा नियम आहे. महापालिकेच्या दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. बहुधा टीबी नसेल. गार कोरडी हवा आत ओढून श्वासनलिका आखडते, दम्यासारखं होतं, आणि बाहेरच्या दमट गरमीत आलं की खोकल्याची उबळ येते, हे आमच्यात पुष्कळांना व्हायचं. पण ‘बहुधा’वर राहायचं नाही. आधी थुंकी आणि एक्स-रे, त्यात काही नाही निघालं तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून मागायची. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांग, उणे २० मध्ये आठ तास काम करतो. नाहीतर तो कफ सिरप लिहून देईल आणि तू मेडिकलवाल्याचं बिल भरत बसशील.

बोटांचं मला जास्त वाटतं. पांढरी, मग निळसर, आणि बाहेर आल्यावर लाल होऊन ठणकतात का? तसं असेल तर गारठ्याने तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातायत. हे दुर्लक्ष केलं तर वाढतं. आधी दोन बोटं, मग चार, मग घरी फ्रिज उघडला तरी सुरू. बाहेर आल्यावर बोटं चोळायची नाहीत, हीटरवर किंवा गाडीच्या गरम बॉनेटवर धरायची नाहीत. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात बुडवायची, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित जास्त, कोपर घालून बघितलं तर सुखद वाटेल इतकंच. नाहीतर काखेत धरायची. आणि तंबाखू. तू लिहिलं नाहीस, पण आपल्याकडे चेंबरच्या दारात मळून आत जायची पद्धतच आहे, ‘गरमी राहते’ म्हणून. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. तुझ्या बोटांना ते विष आहे. दारूचंही तेच गैरसमजातलं काम: कातडी गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

मानेचं कारण रीच ट्रकची बैठक. आडवं बसायचं आणि दिवसभर एकाच खांद्यावरून बघायचं. वरच्या बीमकडे बघताना मान मागे टाकायची, तीही जॅकेटच्या कॉलरमध्ये अडकलेली. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आणि प्रत्येक ब्रेकला दोन मिनिटं मान-खांदे फिरव. कानटोपी अशी घे की मानही झाकेल. सीटची स्प्रिंग गेली असेल तर रोजच्या चेकलिस्टमध्ये लिही. चेकलिस्ट डोळे मिटून ‘ओके, ओके, ओके’ भरतोस ना? आम्ही सगळे भरायचो. ती तुझी एकमेव लेखी तक्रारवही आहे, तिचा उपयोग करून घे.

एक जॅकेट तीन माणसांत, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. जॅकेटच्या आतला कापूस म्हण, फायबर म्हण, ऊब देतो तो त्यात अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. घामाने ती जागा पाण्याने भरली की जॅकेट नुसतं जड ओझं होतं, आणि चेंबरमध्ये ते पाणी गोठतं. रात्रीच्या माणसाला खरूज-नायटा असेल तर तोही तुझ्याकडे आला. प्रत्येकाला स्वतःचं जॅकेट, पँट, बूट आणि दोन पदरी हातमोजे मिळाले पाहिजेत, आणि शिफ्ट संपल्यावर ते वाळत घालायला उबदार जागा. प्लांट रूमच्या शेजारी एक खोली आणि पाच खुंट्या पुरतात. मिळेपर्यंत निदान आतलं कापड तुझं स्वतःचं असू दे. सुती बनियन घालू नकोस, तो घाम धरून ठेवतो. अंगाला चिकटणारं थर्मल आत, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, मग जॅकेट. मोज्यांची एक जादा जोडी डब्याच्या पिशवीत ठेव आणि जेवणाच्या सुट्टीत बदल. एवढ्यानेही फरक कळेल.

आणि पाणी पी. गारठ्यात तहान लागत नाही, लघवी मात्र जास्त होते.

ब्रेकचं म्हणशील तर जर्मनीत उणे १८ ते उणे ३० मध्ये सलग दीड तासावर माणूस ठेवायचा नाही आणि मग अर्धा तास उबेत काढायचा, असं तिथल्या मानकातच आहे. आपल्याकडे अर्धा तास मागितलास तर हसतील. पण दर तासाला दहा मिनिटं, डॉकवर नाही तर खरोखर उबदार जागेत, हे मिळवता येतं. बॅटरीचं कारण पुढे कर. गंमत नाही करत. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे २० मध्ये निम्म्याच्या आसपास दम सोडते, त्यामुळे गाडी तशीही मध्येच चार्जिंगला लावावी लागते. मालकाला गाडीची थंडी कळते, माणसाची सांगावी लागते. ती वेळ तुझ्या ब्रेकला जोडून घे. फक्त चार्जिंगच्या खोलीत शेकत बसायचं नाही आणि तिथे बिडी-सिगारेट तर अजिबात नाही. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. आणि गाडी आतून बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, ते पुसून-वाळवूनच परत आत न्यायची. ब्रेकवर आणि वायरिंगच्या जोडांवर ते पाणी आत जाऊन गोठतं, मग गाडी कुठे थांबेल ते तिचं तिलाच माहीत. जून ते सप्टेंबर तळोज्यात दरवाज्याच्या आतल्या बाजूला फरशीवर जो काचेसारखा बर्फ धरतो, तोही याच दमटपणाचा. तिथे वळणावर मास्ट खाली, वेग चालण्याइतका. गाडी कलंडलीच तर उडी मारायची नाही. वरची लोखंडी चौकट पडते ती बरोबर उडी मारणाऱ्यावरच. आत घट्ट धरून, पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगतो. शिफ्टला आत गेलास की पहिलं काम: चेंबरचं दार आतून उघडायची कळ हाताने दाबून बघायची. ती बर्फाने जाम झालेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. मी एकदा वीस मिनिटं आत दार बडवत होतो, म्हणून सांगतो. आणि मोठी शीतगृहं बहुतेक अमोनियावर चालतात. तसला उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर माल, गाडी, सगळं तिथेच सोडायचं. नाकावर ओलं फडकं धरून वाऱ्याला आडवं चालत बाहेर. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं नुसतं पाणी मारत राहायचं. कुठे गळतंय ते बघायला जायचं शहाणपण आपलं नाही.

आता ‘हे गोदाम आहे, फॅक्टरी नाही’.

साधं धान्याचं गोदाम असतं तर वाद घालायला जागा होती. पण शीतगृहात माल टिकवणं किंवा साठवणं हे १९४८च्या कारखाना कायद्याने व्याख्येतच उत्पादन प्रक्रिया धरलेलं होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. तिथे वीज वापरणाऱ्या जागेसाठी २० कामगारांची अट आहे आणि तुम्ही साठ आहात. जादा तासांना दुप्पट दर आधीही होता, आताही आहे. नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला द्यायचं, हेही त्यात आलं. ते तुला मिळालं आहे का? ठेकेदाराचा माणूस म्हणून तुझी जबाबदारी मूळ कंपनीवरून उडत नाही. दाद मागायची जागा म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. लगेच तिकडे धाव घे असं म्हणत नाही. आधी मागून बघ. पण ‘फॅक्टरी नाही’ हे पुन्हा ऐकून गप्प बसू नकोस.

ईएसआयचे १४७ रुपये. हिशेब बरोबर आहे, १९,५००चे पाऊण टक्का, वरच्या रुपयात धरून, तेवढेच होतात. त्यावर ठेकेदाराने स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे आणखी ६३४ रुपये भरायचे असतात. प्रश्न एवढाच, की ते भरतो की खिशात घालतो. त्याच्याकडे दहा आकडी विमा क्रमांक माग. ‘कार्ड येतंय’ हे उत्तर घेऊ नकोस, कार्ड नंतर येऊ दे, नंबर आज दे म्हण. नंबर मिळाला की ईएसआयसीच्या पोर्टलवर कोणत्या महिन्याचे पैसे जमा झाले ते दिसतं. नंबरच नसेल तर पगारातून कापून न भरणं हा सरळ गुन्हा आहे, आणि स्लिपा हा तुझा पुरावा; सगळ्यांचे फोटो काढून घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेव. ‘ओटी धरून पगार २१,००० च्या वर जातो, म्हणून तुझं ईएसआय बंद’ असं सांगतील. तेही खोटं. मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत.

हे १४७ रुपये का महत्त्वाचे? कारण नंबर असेल तर खोकल्याची, बोटांची तपासणी फुकट होईल, आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळेल, आणि कामावर इजा होऊन काही काळ काम करता आलं नाही तर ९० टक्के. आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचाही दवाखाना त्यातच. पीएफचा बारा आकडी नंबरही असाच काढून घे आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक बघ.

इथे मला पुन्हा तुझे वडील आठवतात. त्यांना एकदा निवांत वेळी विचार, की माथाडी बोर्डात नाव लागायच्या आधी हमालांचं काय होतं. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याआधी मुकादम देईल ती मजुरी आणि सेठ म्हणेल तो दिवस. बोर्डात नाव आलं, बिल्ला आला, मग मजुरी बोर्डातून, पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना, रजेचा पगार. त्यांनी वाहिलेल्या गोण्यांपैकी एकही गोणी कोणाच्या वहीत लिहिली गेली नसती, तर तुझं कोपरखैरण्याचं घर झालं नसतं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्याकडे बिल्ला होता. तुझ्याकडे चांगली खुर्ची आहे, पण बिल्ला नाही. हे त्यांना असं मांडून सांगितलंस तर ‘बसून काम’वाले वडील तुझे सगळ्यात चांगले वकील होतील.

आणि त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून घे: हमाल सेठकडे कधी एकटा गेला नाही. टोळी गेली. तुम्ही तीन शिफ्टचे तीन ऑपरेटर एकमेकांना भेटता ते फक्त ओलं जॅकेट हातातून हातात देताना. एखाद्या रविवारी चहाला बसा. काय मागायचं ते तिघांनी एकाच कागदावर लिहा: तीन जॅकेटं आणि वाळवायची जागा, तासाला दहा मिनिटं, पिंजरा, विमा क्रमांक. ओटीचा दर त्या कागदावर आत्ताच टाकू नका. पैशाची गोष्ट आली की ती पुढे ढकलतात आणि तिच्याबरोबर जॅकेटही ढकललं जातं. खाली तिघांच्या सह्या, एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीच्या मॅनेजरला, आणि तिसऱ्या प्रतीवर पोच. तिघं एकदम काढले तर त्या रात्री डॉकवरच्या गाड्या कोण काढणार? रीच ट्रक चालवता येणारा माणूस नाक्यावर उभा नसतो. हे त्यालाही ठाऊक आहे.

दुबईचं थोडक्यात. जाऊ नको असं नाही, या एजंटबरोबर जाऊ नको. नोंदणी असलेल्या भरती एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. सव्वा लाख मागणारा त्याच वाक्यात आपण कोण ते सांगतोय. त्याचा परवाना क्रमांक माग आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर कामाचा करू’ म्हणाला तर फोन ठेवून दे. तू दहावी पास असशील तर तुझ्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीचा शिक्का लागत नाही, म्हणजे तपासणीची एक चाळणी कमी. तेव्हा जास्त सावध तूच राहायचं. आणि एक लक्षात घे, उणे २० तिकडेही उणे २०च आहे, बाहेर मात्र ४५. बोटांचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्या फ्रीजरमध्ये जाण्यात काय अर्थ? बोटं सुधारली नाहीत तर इथेच फ्रीजर सोडून फळांच्या शीतगृहात जा. द्राक्षं-सफरचंदं शून्याच्या आसपास ठेवतात, केळी तर तेरा-चौदा अंशांवर. रीच ट्रक तोच, अनुभव तोच. त्यासाठी अडीच वर्षांचं अनुभवपत्र आत्ताच, भांडण व्हायच्या आधी, लेटरहेडवर घेऊन ठेव. त्यात ‘हेल्पर’ नाही, ‘रीच ट्रक ऑपरेटर’ लिहिलंय ना ते बघ; ठेकेदार हटकून हेल्पर लिहितो.

या आठवड्यात एवढंच कर: सोमवारी थुंकी द्यायला जा, मंगळवारी विमा क्रमांक माग. आणि शिफ्ट बदलताना त्या जॅकेटचा फोटो काढ, आतलं अस्तर उलटं करून, ओल दिसेल असा. तिघांच्या अर्जाला तो जोडायचा आहे.